परमुलखाची ओढ

परदेशप्रवासाची आवड असलेल्या माणसाला त्या आवडीचे कारण विचारले, तर बहुधा स्थळांची यादी ऐकायला मिळते: आल्प्सची बर्फाच्छादित शिखरे, क्योटोची मंदिरे, इस्तंबूलच्या मशिदी, पॅरिसची संग्रहालये. हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे. केवळ देखण्या स्थळांचीच भूक असती, तर ती आल्प्सहून कितीतरी उंच असलेल्या हिमालयात, हंपीच्या अवशेषांत किंवा वेरूळच्या कैलास लेण्यासमोर भागली असती आणि त्यासाठी व्हिसाच्या रांगेत उभे राहण्याची, वर्षानुवर्षांची बचत खर्च करण्याची, भाषा न कळणाऱ्या गावात रात्री पत्ता शोधत फिरण्याची गरज उरली नसती. इतका खर्च आणि इतकी दगदग सोसूनही माणसे पुन्हा पुन्हा परदेशी जातात, त्याअर्थी या ओढीची मुळे स्थळांपेक्षा प्रवाशाच्या स्वतःच्या आयुष्यात अधिक खोल गेलेली असली पाहिजेत.

पर्यटनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही कारणे दोन गटांत मांडली आहेत. माणसाला घराबाहेर लोटणारी, म्हणजे त्याच्या मनात आणि परिस्थितीत असलेली कारणे हा पहिला गट, तर विशिष्ट स्थळाकडे खेचून नेणारे तिथले समुद्र, हवामान, इमारती, स्वस्ताई असे गुण हा दुसरा गट. समाजशास्त्रज्ञ ग्रॅहॅम डॅन यांनी १९७७ मध्ये बार्बाडोस बेटावर आलेल्या पर्यटकांच्या अभ्यासातून हा भेद ठळकपणे मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी जॉन क्रॉम्प्टन यांनी ३९ जणांच्या सविस्तर मुलाखतींवरून सुटीच्या प्रवासामागच्या नऊ प्रेरणा नोंदवल्या. त्यांपैकी चाकोरीतून सुटका, स्वतःला नव्याने पारखणे, विश्रांती, प्रतिष्ठा, एरवी वयाला न शोभणारे पोरकट वागण्याची मुभा, कुटुंबातील नाती घट्ट होणे आणि नव्या माणसांचा सहवास या सात प्रेरणांचा कोणत्याही एका स्थळाशी फारसा संबंध नव्हता, तर नावीन्य आणि शिक्षण या उरलेल्या दोन प्रेरणांचा थोडाफार होता. प्रवासी स्थळांविषयी बोलत असला, तरी त्याचे खरे कारण बहुतेकदा तो घरी मागे ठेवून आलेल्या आयुष्यात असते, असा या संशोधनाचा आशय आहे.

मात्र अशा वर्गीकरणातून सांगाडा हाती येतो, रक्तमांस येत नाही. मराठी वाचकाला ते आपल्याच भाषेत उपलब्ध आहे, कारण परदेशी जाऊन आलेल्या मराठी माणसांनी गेल्या सुमारे दीडशे वर्षांत आपल्या प्रवासाविषयी विपुल लिहिले आहे आणि त्या लेखनात परदेश का हवासा वाटला याची प्रांजळ साक्ष मिळते.

मुळात हौसेने परदेशी जाणे ही कल्पनाच या समाजाला नवी आहे. कलियुगात करू नयेत अशा कृत्यांची, म्हणजे कलिवर्ज्यांची, जी यादी धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांनी दिली, तिच्यात द्विजांच्या समुद्रप्रवासाचा समावेश होता, आणि परतून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे किंवा जातीबाहेर राहावे लागे. तरीही काही जण गेले, पण ते दुसऱ्याच्या कामासाठी गेले. रघुनाथराव पेशव्यांचे वकील हणमंतराव १७८१ मध्ये पारशी सोबत्यांसह लंडनला पोहोचले, तेव्हा त्यांना आपल्या रीतीने स्वयंपाक आणि पूजाअर्चा करता यावी म्हणून एडमंड बर्क या ख्यातनाम संसदपटूने बीकन्सफील्डच्या आपल्या घराच्या आवारातील काचगृह त्यांना राहायला दिले होते. साताऱ्याच्या पदच्युत छत्रपतींची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी तर लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे काढली आणि ते हात हलवत परतले. या माणसांच्या धैर्याला तोड नाही, परंतु त्यांना परदेश आवडला की नाही हा प्रश्न त्यांच्या काळी कुणी विचारलाही नसता.

तो प्रश्न विचारता येईल आणि त्याचे उत्तरही सापडेल अशी पहिली मोठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत, त्यांनी आईवडील, भाऊ आणि पती इतक्यांचे मृत्यू पाहिले होते. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी होती, आणि संस्कृतच्या पांडित्यामुळे कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी विधवेच्या वाट्याला येणारे जिणे बदलणार नव्हते. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली आणि १८८३ मध्ये त्या मुलीला व आनंदीबाई भगत या सोबतिणीला घेऊन इंग्लंडला गेल्या. हा प्रवास सुखाचा नव्हता. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांना आसरा मिळाला, पण तिथेच सोबतिणीचा करुण अंत झाला. वैद्यक शिकण्याचा मनोदय ऐकू कमी येत असल्यामुळे सोडावा लागला. त्यांनी स्वीकारलेल्या ख्रिस्ती धर्माविषयी मायदेशात गहजब उडाला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृतही शिकवत असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी ते अनुचित ठरवले, आणि रमाबाईंनी त्या निर्णयाला पत्रांतून निर्भीड उत्तरे दिली. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असतात, ती आपल्या देशबांधवांना कळणार नाहीत, म्हणून आपल्या क्रूसावर संस्कृत शब्द असावेत, असा त्यांनी धरलेला आग्रह ही त्या सगळ्या काळातली अत्यंत बोलकी घटना आहे. ज्यांच्या छपराखाली राहायचे, ज्यांचे अन्न खायचे, त्यांच्याशी पूजेच्या वस्तूवरून वाद घालण्याचे बळ या बाईला परक्या देशात, परक्या भाषेत आले होते, आणि शाकाहारही त्यांनी तिथे सोडला नव्हता.

या इंग्लंडनंतर अमेरिका आली, आणि तिथे रमाबाईंच्या लेखणीला निखळ आनंदाचा सूर गवसला. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर होणार होत्या, त्या समारंभाला हजर राहण्यासाठी रमाबाई गेल्या आणि थोडक्या मुक्कामाचा बेत वाढत वाढत जवळजवळ तीन वर्षांचा झाला. त्यांनी बालोद्यान पद्धतीचे, म्हणजे खेळ, गाणी आणि हस्तव्यवसाय यांतून लहान मुलांना शिकवण्याच्या पद्धतीचे, प्रशिक्षण घेतले, गावोगाव व्याख्याने दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे मदत देण्यासाठी एक मंडळ उभे राहिले. १८८९ च्या प्रारंभी त्या जपानमार्गे परतल्या, ११ मार्चला मुंबईत त्यांनी शारदा सदन या नावाने ती शाळा सुरू केली आणि वर्ष संपायच्या आत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले.

या ग्रंथाच्या नावातच प्रवासवृत्ताच्या आधी लोकस्थिती येते. रमाबाईंना अमेरिकेतले निसर्गसौंदर्य दिसत होतेच, परंतु त्यांचे मन रमले ते तिथे संस्था कशा चालतात, मुली कुठे शिकतात, बायका एकत्र जमून निधी कसा उभा करतात आणि त्याचा हिशेब कसा ठेवतात, हे पाहण्यात. इंग्रजांचे राज्य झुगारून दिलेला देश आपल्या पायांवर उभा आहे, हे पारतंत्र्यातल्या वाचकाला दाखवून देण्यात त्यांना उघड समाधान वाटते. आवडत्या देशाचे दोष मात्र त्या झाकत नाहीत: स्त्रियांना तिथे मतदानाचा हक्क नाही, कृष्णवर्णीयांविषयी द्वेष आहे, मूळ रहिवाशांना निर्दयपणे वागवले गेले आहे, हेही त्या तितक्याच स्पष्टपणे लिहितात. परदेशावर प्रेम करण्याचे एक फार मोठे कारण इथे हाती लागते, आणि ते म्हणजे तुलनेचे सामर्थ्य. एकच समाज पाहिलेल्या माणसाला त्या समाजाची रीत ही सृष्टीची रीत वाटते; विधवेने केस काढावेत, मुलीने शिकू नये, हे पाऊस पावसाळ्यात पडावा इतके स्वाभाविक वाटू लागते. दुसरा समाज डोळ्यांनी पाहिला की ही स्वाभाविकता गळून पडते आणि रूढी ही माणसांनी घातलेली व माणसांना मोडता येणारी गोष्ट म्हणून दिसू लागते. ज्याला घरी रूढीचा जाच अधिक, त्याला परदेशाचे हे देणे अधिक मोलाचे वाटते, हे रमाबाईंच्या पानापानांतून जाणवते.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या विदुषी मीरा कोसंबी या धर्मानंद कोसंबी यांच्या नात होत्या, आणि धर्मानंदांचे आयुष्य हे परदेशाच्या ओढीचे अगदी निराळ्या जातीचे उदाहरण आहे. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या, नारळाच्या बागेची देखरेख करत वाढलेल्या या तरुणाला ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धावरच्या एका लेखाने झपाटून टाकले. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा या एकाच ध्यासाने १८९९ च्या अखेरीस त्यांनी पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर आणि काशी येथे, प्रसंगी अन्नछत्रात जेवून, ते संस्कृत शिकले; नेपाळात गेले, पण तिथे बौद्ध धर्माची जी अवस्था दिसली तिने निराश झाले; आणि १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचून कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी ध्यानसाधना केली, आणि नंतरच्या आयुष्यात हार्वर्ड विद्यापीठात चार वेळा आणि रशियात लेनिनग्राडला एकदा ते आपल्या विद्येच्या बळावर गेले.

ज्या देशात बुद्ध जन्मला, हिंडला, बोलला, त्याच देशात त्याचे शब्द शिकवणारा गुरू मिळेनासा झाला होता आणि ते शब्द समुद्रापलीकडच्या बेटावर भिक्षूंच्या तोंडी जिवंत होते, ही गोष्ट धर्मानंदांच्या प्रवासाचा गाभा आहे. आपलेच काही हरवलेले दुसऱ्यांनी जपून ठेवले आहे आणि ते पाहायला त्यांच्या दारी गेले पाहिजे, ही जाणीव आजही कितीतरी प्रवाशांना अंगकोर वाटच्या भिंतींवरील समुद्रमंथनासमोर, जावा बेटावरील प्रम्बाननच्या रामायण शिल्पांसमोर किंवा बोरोबुदुरच्या स्तूपावर खिळवून ठेवते. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात धर्मानंदांनी तिकिटाच्या पैशांची भ्रांत, न मानवणारे अन्न, आजार हे सारे काही न लपवता लिहिले आहे. मागे राहिलेल्या पत्नीने त्या वर्षांत काय सोसले असेल, हा प्रश्नही त्यांच्या थोरवीइतकाच खरा आहे, आणि प्रवासाच्या ओढीचा गौरव करताना तो विसरला जाऊ नये.

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रवासलेखनाचा सूर पालटला. अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० मध्ये आले, आणि पुढे गंगाधर गाडगीळ यांचे ‘साता समुद्रापलीकडे’ व पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ ही पुस्तके एका वर्षाच्या अंतराने, १९५९ आणि १९६० मध्ये, प्रसिद्ध झाली. ज्ञान, धर्म किंवा समाजसुधारणा यांचा आधार न घेता, परदेश पाहताना होणारा आनंद हाच लिहिण्याजोगा विषय आहे, हे या लेखकांनी मराठी वाचकाच्या मनावर ठसवले. वाचकाला मात्र तो आनंद बहुतेक पुस्तकातच घ्यावा लागे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे साठच्या दशकात भारतीय प्रवाशाला जेमतेम आठ डॉलर सोबत नेता येत, आणि पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी खटल्यात दिला, तेव्हा कुठे सरकारला पारपत्राचा रीतसर कायदा करावा लागला. पुढे चलनाचे निर्बंध सैल होत गेले आणि परदेशी जाणाऱ्या भारतीयांची संख्या १९९१ मधील सुमारे १९ लाखांवरून २०१९ मध्ये २ कोटी ६९ लाखांच्या घरात पोहोचली. त्यांत नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी जाणारेही आहेत. परंतु निव्वळ हौसेने जाणे ही मध्यमवर्गीय घरांतही शक्य कोटीतली गोष्ट झाली, हे या दोन पिढ्यांचे भाग्य आहे.

या हौसेच्या पोटात काय असते, ते पाहायचे तर प्रवासातल्या प्रसिद्ध स्थळांपेक्षा तिथल्या पहिल्या सकाळीकडे पाहावे. अनोळखी शहरात पाव आणि दूध आणण्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेला माणूस दार आत ढकलायचे की बाहेर ओढायचे इथपासून शिकत असतो. दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवरचे झाकण कुठे निळे तर कुठे हिरवे, त्यातले साय असलेले दूध कोणते हे उमगत नाही; फळे आधी आपणच वजनकाट्यावर ठेवून चिठ्ठी चिकटवायची असते हे मागच्या गिऱ्हाइकाने खुणेने सांगितल्यावर कळते; तळहातावर नाणी पसरून धरली की दुकानदारीण त्यांतली नेमकी उचलते आणि उरलेल्यांवर मूठ मिटवून देते. जपानमध्ये तर पैसे हातात न देता गल्ल्याजवळच्या छोट्या तबकात ठेवायचे असतात. घरी जे काम झोपेतही झाले असते, त्यासाठी इथे सगळी ज्ञानेंद्रिये जागी करावी लागतात.

ओळखीच्या खाणाखुणा अशा एकाएकी नाहीशा झाल्यामुळे माणसाला जी अस्वस्थता येते, तिला मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मधील आपल्या लेखात संस्कृतीचा धक्का असे संबोधले आणि जवळजवळ आजारासारखे तिचे वर्णन केले. परदेशात कायमचे राहायला गेलेल्यांना तो धक्का खरोखरच जड जातो. पण पंधरा दिवसांच्या प्रवाशाला त्याची सौम्य मात्रा मिळते, आणि त्या मात्रेत विलक्षण उत्तेजन असते. दिवसाकाठी अनेक लहान अडचणी येतात आणि त्यांतल्या बहुतेक संध्याकाळपर्यंत सुटतात. योग्य ट्राममध्ये बसल्याचा, योग्य थांब्यावर उतरल्याचा आनंद पन्नाशीच्या माणसालाही निर्भेळपणे होतो. शिवाय नव्या अनुभवांनी भरलेला काळ आठवणीत लांब वाटतो, कारण स्मृती सवयीच्या दिवसांची एकत्र गाठोडी बांधते आणि नव्या दिवसांना मात्र वेगवेगळी जागा देते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. प्रवासातला एक आठवडा महिन्यासारखा वाटला असे माणसे म्हणतात, ती अतिशयोक्ती नसते. वय वाढते तशी वर्षे भराभर सरत असल्याची बोच ज्यांना लागते, त्यांच्या दृष्टीने ही लहानसहान कमाई नव्हे.

याहूनही खोल कारण म्हणजे अनोळखीपण. भारतीय समाजात, आणि महाराष्ट्रात तर निश्चितच, माणसाची ओळख त्याच्या आधी पोहोचलेली असते. आडनाव सांगितले की जात, गाव सांगितले की प्रांतातला कोपरा, नोकरी सांगितली की पत, वय आणि मंगळसूत्र पाहिले की वागण्याच्या अपेक्षा, हे सारे समोरच्याच्या मनात क्षणार्धात मांडले जाते. लिस्बनच्या चढणीवरच्या कॉफीच्या दुकानात यातले काहीही पोहोचत नाही. तिथे तोच माणूस फक्त एक भारतीय, किंवा तेवढाही नाही, नुसता परदेशी असतो. कातडीच्या रंगावरून होणारा भेदभाव काही देशांत वाट्याला येतो आणि तो मुळीच क्षुल्लक नसतो. तरीही जन्मापासून चिकटलेली एक विशिष्ट पाटी काही दिवस उतरते, आणि ज्यांच्यासाठी ती पाटी ओझ्याची होती त्यांना या हलकेपणाची गोडी लागली तर नवल नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये परक्या माणसावर लिहिताना नोंदवले होते की, परका एकाच वेळी जवळचा आणि दूरचा असल्यामुळे लोक त्याच्यापाशी आपल्या आप्तांपाशीही बोलणार नाहीत अशा गोष्टी मोकळेपणी बोलतात. आगगाडीतल्या शेजारणीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपल्या संसाराची कथा सांगावी आणि उतरताना हात घट्ट दाबावा, हा अनुभव कितीतरी प्रवाशांच्या वह्यांमध्ये सापडतो, तो यामुळेच.

स्त्रियांच्या बाबतीत हे कारण दुपटीने खरे आहे. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या डॉक्टर मीना प्रभु यांनी ‘दक्षिणरंग’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ अशा जाडजूड ग्रंथांमधून देशामागून देश मराठीत आणले, आणि त्यांतले कितीतरी देश त्यांनी एकटीने पालथे घातले. त्यांच्या वाचकांमध्ये गृहिणींची संख्या मोठी होती ही केवळ वाङ्मयीन लोकप्रियता मानता येणार नाही. एक मराठी बाई नकाशा आणि पाठीवरची पिशवी घेऊन एकटी हिंडते आणि सुखरूप परत येते, हे त्यांना पुराव्यासकट वाचायला मिळत होते. पुढे महाराष्ट्रातील पर्यटन कंपन्यांनी फक्त महिलांसाठीच्या सहली काढल्या आणि त्या भरून जाऊ लागल्या.

या सामूहिक सहलींची, विशेषतः त्यांतल्या खाण्यापिण्याची, बरीच हेटाळणी होते. स्वित्झर्लंडमध्ये जाऊन पोहे आणि वरणभात कशाला हवा, असे विचारणारे लोक स्वतःला खरे प्रवासी समजतात, परंतु ही हेटाळणी अन्यायाची आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे रोज सकाळी उठून इतरांचे डबे भरले, सणावाराला सर्वांत शेवटी जेवली, तिला ल्युसर्नच्या उपाहारगृहात सकाळी कुणीतरी गरम पोह्यांची बशी आणून देते आणि उष्टी बशी उचलूनही नेते, तेव्हा तिला मिळणारे सुख पदार्थाच्या नावात शोधायचे नसते. तिथे ती मैत्रिणींबरोबर बर्फात घसरते, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून फोटो काढते, रात्री खोलीत हसून हसून बेजार होते. क्रॉम्प्टन यांच्या यादीत पोरकट वागण्याची मुभा जी म्हटली आहे ती हीच, आणि या स्त्रियांना ती लहानपणीही पुरती मिळालेली नसते. शिवाय सत्तरीतल्या मधुमेही माणसाला परक्या अन्नाची धास्ती वाटणे हे साहसाच्या अभावाचे लक्षण नसून पथ्याचा भाग आहे.

प्रतिष्ठेचा मोहही असतोच. परतल्यावर शेजाऱ्यांना चॉकलेटे वाटणे, आयफेल टॉवरसमोरचा फोटो दिवाणखान्यात लावणे, भेटीला येणाऱ्याला देशांची संख्या सांगणे, यांत मिरवणे आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एवढेच कारण असलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या प्रवासाला कंटाळतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा प्रवास हा त्याहून कितीतरी मोठा आणि कमी लिहिला गेलेला विषय आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमधल्या उपनगरात पाच-सहा महिने राहायला गेलेल्या मराठी आजीआजोबांच्या प्रवासाचे पहिले कारण नातवंड असते आणि त्याला आणखी कारणाची जोड लागत नाही. पण तिथे गेल्यावर त्यांतल्या पुष्कळांना स्वतःचे असे काही सापडते. मोटार चालवता येत नसल्याने आरंभी घरात कोंडल्यासारखे वाटते. मग पायी जाण्याजोगे सार्वजनिक ग्रंथालय सापडते, जिथे फी न भरता वाटेल तितकी पुस्तके घरी नेता येतात आणि परगावच्या माणसालाही अदबीने मदत मिळते. तळ्याभोवतीच्या पायवाटेवर रोज भेटणाऱ्या कोरियन किंवा मेक्सिकन आजोबांशी खाणाखुणांची मैत्री जमते. १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ किंवा १९८१ पासून उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ यांच्या गणेशोत्सवांत आणि नाटकांत या पाहुण्यांची उपस्थिती ठळक असते. मुलाने आपल्याविना उभारलेले आयुष्य, त्याचे कपाट, त्याची कामाला जाण्याची वाट, त्याचे शेजारी हे सगळे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दूर गेलेल्या मुलाची चिंता निवत नाही, आणि व्हिडिओ कॉलने ती भूक भागत नाही, हे या प्रवासाचे सर्वांत जिव्हाळ्याचे कारण असावे.

प्रवासाचे सुख नेमके केव्हा मिळते, याविषयीचा एक निष्कर्ष मात्र पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. नेदरलँड्समधील १,५३० प्रौढांचा अभ्यास करून येरून नावेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, सुटीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी असतात ते प्रामुख्याने निघण्याच्या आधी. परतल्यानंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरत नाही, आणि ज्यांची सुटी अतिशय निवांत झाली त्यांचाच आनंद काही काळ टिकतो. मराठी घरांतल्या तयारीकडे पाहिले की हे सहज पटते. सहा महिने आधी नकाशा जेवणाच्या टेबलावर येतो, कोणत्या गावी किती मुक्काम यावरून वाद रंगतात, कुणी ‘सुमिमासेन’ आणि ‘अरिगातो’ हे जपानी शब्द देवनागरीत वहीत लिहून पाठ करते, बँकेच्या खात्याची पाने आणि आयकराची विवरणपत्रे व्हिसाच्या अर्जाला जोडली जातात, औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणल्या जातात. बॅग दोनदा भरून वजनकाट्यावर चढते आणि मेतकुटाची पुडी की जाड स्वेटर असा निवाडा करावा लागतो. पाय दुखत असले तरी सकाळच्या फेरीत दर आठवड्याला थोडी भर पडत जाते, कारण रोमच्या दगडी रस्त्यांवर दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालण्याची तयारी हवी, असे जाऊन आलेल्यांनी बजावलेले असते.